एकटाक्रोम ई १०० : माजघरातला अंधार आणि अंगणातले ऊन एकाच स्लाइडवर

कोडॅकने एकटाक्रोम या रंगीत स्लाइड फिल्मचे उत्पादन २०१२ साली थांबवले, २०१७ च्या जानेवारीत ही फिल्म परत आणण्याची घोषणा केली आणि २०१८ च्या सप्टेंबरपासून ई १०० या नावाने तिचे ३५ मिलिमीटरचे रोल प्रत्यक्ष हातात पडू लागले. या फिल्मविषयी जे वाचायला मिळते, ते बहुतेक उघड्यावरच्या छायाचित्रणाविषयी असते. डोंगर, समुद्र, फुले, सण-उत्सव यांत ती कशी दिसते, तिचा निळा कसा आणि हिरवा कसा, याची चर्चा पुष्कळ होते. माझा तिच्याशी संबंध वेगळ्या कामातून आला. कोकणातली जुनी कौलारू घरे आतून, दिवसाउजेडी, दारे-खिडक्या चौकटीत ठेवून स्लाइडवर उतरवणे हे ते काम. घराचा आतला भाग आणि त्यातून दिसणारे बाहेरचे अंगण या दोन्हींत तपशील हवा, ही मागणी कोणत्याही ट्रान्स्परन्सी, म्हणजे स्लाइड, फिल्मची कठोर परीक्षा घेते. या परीक्षेपुरतेच हे परीक्षण आहे.

परीक्षा किती कठोर आहे, हे आकड्यांत पाहिले तर लगेच लक्षात येते. माजघरात कॅमेरा लावला आहे, समोर ओटीचे दार आहे, ओटीवर झोपाळा आहे आणि त्याच्या पलीकडे अंगणात तुळशीवृंदावन आहे, अशी चौकट डोळ्यांसमोर आणावी. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात ती सापडते. मे महिन्याच्या दुपारी, शंभर आयएसओच्या (फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) फिल्मसाठी मीटर लावला, तर लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ/८ असताना अंगणाचे माप १/५०० सेकंदाच्या आसपास येते. ओटीवर तेच एफ/८ ला १/१५ होते आणि माजघरात थेट एक सेकंद लागतो. म्हणजे एकाच चौकटीत नऊ स्टॉपचे अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणे). स्लाइड फिल्म सगळे मिळून पाच, फार तर साडेपाच स्टॉपपर्यंतचा तपशील धरते. मधल्या करड्या छटेच्या वर दोन-सव्वादोन स्टॉप गेले की पांढरे कोरे होऊ लागते आणि खाली तीन स्टॉप गेले की सावली काळीठिक्कर पडते. निगेटिव्हवर एक-दोन स्टॉप इकडेतिकडे झाले तरी प्रिंट काढताना सावरता येते. स्लाइडला ती दुसरी संधी नसते, कारण कॅमेऱ्यातून निघालेला तुकडा हेच अंतिम चित्र असते. अर्ध्या स्टॉपचा फरकसुद्धा लाइट बॉक्सवर उघड दिसतो.

हे अंतर कोणतीही फिल्म स्वतःहून भरून काढणार नाही. फिल्मच्या हाती एवढेच असते की, छायाचित्रकाराने उजेडाचे अंतर पाच स्टॉपच्या आत आणल्यावर त्या पाच स्टॉपना ती किती समजूतदारपणे वागवते. इथे ई १०० चे गुण ठळकपणे दिसतात. तिचा कॉन्ट्रास्ट स्लाइडच्या मानाने मवाळ आहे आणि रंग संयत आहेत. फुजीची व्हेल्व्हिया ५० ही स्लाइड फिल्म या कामाला मी कधीच सुचवणार नाही. जांभ्या दगडाची भिंत तिच्यावर भडक तांबडी होते, सावल्या झपकन मिटतात आणि आत-बाहेरचे अंतर आहे त्यापेक्षा जास्त भासू लागते. निसर्गचित्रणात जो तिचा गुण आहे, तोच घराच्या आत अडचणीचा ठरतो. फुजीचीच प्रोव्हिया १०० एफ ही मात्र खरी प्रतिस्पर्धी आहे. दोन्ही फिल्मचे कण जवळजवळ सारखेच बारीक आहेत आणि तटस्थ रंगाची ख्याती प्रोव्हियाचीही आहे. तरी उजळ भागातून कोऱ्या पांढऱ्याकडे जाण्याचा प्रवास मला ई १०० वर अधिक सावकाश वाटतो. चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर खिडकीतून तिरपा उजेड येतो, तेव्हा भिंतीचा खडबडीतपणा, गिलाव्यावरची जुनी डागडुजी आणि चुन्याच्या हाताची ओढ प्रोव्हियावर अर्ध्यातच विरते. ई १०० वर ती खिडकीच्या चौकटीपासून जेमतेम वीतभर अंतरापर्यंत वाचता येते.

सावल्यांच्या बाबतीत मात्र या फिल्मचा एक स्वभाव ओळखून घ्यावा लागतो. दोन-अडीच स्टॉप खाली गेलेल्या भागात ती किंचित निळसर होते. शिसवी कपाट किंवा तेलपाणी केलेली सागवानी तुळई अंधारात थंड दिसू लागते आणि जुन्या लाकडाची ऊब हरवते. ८१ ए हा फिकट पिवळसर फिल्टर लावला की हा दोष बराचसा झाकला जातो. त्याला फक्त एक तृतीयांश स्टॉपची किंमत मोजावी लागते. घराच्या आतल्या कामासाठी हा फिल्टर मी लेन्सवर कायमचाच ठेवतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आतला आणि बाहेरचा उजेड समतोल करायचा म्हणजे नेमके किती करायचा? हे दोन्ही अगदी सारखे करणे तंत्राने शक्य आहे आणि अनेक हॉटेलांच्या माहितीपत्रकांत ते केलेले दिसते. खिडकीबाहेरची बाग आणि आतला सोफा दोन्ही एकाच तेजाचे असतात आणि खिडकी भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरसारखी सपाट दिसते. माणूस घरात बसलेला असतो तेव्हा त्याला बाहेरचे अंगण नेहमी आतल्यापेक्षा उजळच दिसते. आत अंधार आणि बाहेर ऊन असल्यामुळेच तर घर गार वाटते. ही जाणीव स्लाइडवर राहायची असेल, तर बाहेरचा भाग मधल्या छटेच्या साधारण एक स्टॉप वर आणि आतला मुख्य भाग साधारण एक स्टॉप खाली ठेवावा, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणजे दोहोंत दोन स्टॉपचे अंतर राहते. अंगण दीड स्टॉप वर गेले तरी ई १०० त्यात तुळशीची पाने आणि वृंदावनाच्या कोनाड्यातली पणती दाखवते. दोन स्टॉपच्या पुढे गेल्यावर पाने पिवळट पांढरी होतात आणि पणती दिसेनाशी होते. व्हेल्व्हियावर हीच मर्यादा सव्वा स्टॉपलाच गाठली जाते, आणि कामाच्या ठिकाणी हा पाऊण स्टॉपचा फरक फार मोलाचा ठरतो.

नऊ स्टॉपचे अंतर दोनवर आणण्याचा सर्वांत स्वस्त आणि देखणा उपाय म्हणजे योग्य वेळ निवडणे. भर उन्हाळ्याची दुपार सोडून द्यावी. पावसाळ्यातले ढगाळ आभाळ या कामाला वरदान आहे. अंगणाचे माप तेव्हा एफ/८ ला १/६० वर येते. उजेड आभाळाच्या सगळ्या बाजूंनी येत असल्याने घराच्या आतला उजेड त्या प्रमाणात घटत नाही. ओटीवर १/८ आणि माजघरात एक सेकंद, असे माप मिळाले तर अंतर नऊवरून सहा स्टॉपवर आले. शिवाय ढगाळ हवेत काचेच्या कौलातून उतरणारा उजेड जमिनीवर पांढरा चौकोन पाडत नाही. उन्हात हाच चौकोन सारवलेल्या जमिनीवर असा काही पेटतो की, त्याला कोणत्याही मापाने आवरता येत नाही. पावसाळ्याचा एक तोटा सांगितला पाहिजे. खिडकीबाहेर माडा-पोफळींची गच्च हिरवाई असते आणि तिच्यावरून परतून आत येणारा उजेड हिरवट असतो. डोळा तो दुरुस्त करून पाहतो, फिल्म तसे करत नाही. ई १०० वर गोऱ्या कातडीच्या आणि पांढऱ्या धोतराच्या कडांना ही हिरवट झाक स्पष्ट येते. सीसी ०५ मॅजेन्टा हा अगदी फिकट किरमिजी फिल्टर तिला पुरतो. त्याहून गडद फिल्टर लावला तर बाहेरची झाडे निस्तेज होतात.

दुसरी वेळ सूर्यास्तानंतरची. आपल्या अक्षांशावर तिन्हीसांज लवकर सरते. सूर्य बुडाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत आभाळ अंधारते आणि या अवधीत अशी काही मिनिटे येतात की बाहेरचे आभाळ आणि आतला दिवा यांचे माप एकमेकांना येऊन मिळते. त्या मिनिटांत फ्लॅशची गरज उरत नाही. कॅमेरा आधीच ट्रायपॉडवर पक्का करून ठेवावा, आतल्या उजेडाचे माप एकदाच घ्यावे, कारण दिव्याचा उजेड बदलत नाही, आणि मग फक्त खिडकीतल्या आभाळावर स्पॉट मीटर (अगदी छोट्या भागाचे माप घेणारा मीटर) धरून बसावे. आभाळ आतल्या मापापेक्षा एक स्टॉप वर असताना पहिली फ्रेम घ्यावी, बरोबरीला आले की दुसरी आणि एक स्टॉप खाली गेले की तिसरी. ई १०० ला दहा सेकंदांपर्यंतच्या एक्स्पोजरसाठी वेळेची किंवा रंगाची कोणतीही दुरुस्ती लागत नाही, असे कोडॅकच्या तांत्रिक पत्रकात नमूद आहे, आणि दहा सेकंदांच्या आतल्या माझ्या कामात मला तसेच दिसले आहे. त्याहून लांब एक्स्पोजर लागत असेल, तर मात्र प्रोव्हिया १०० एफ निःसंशय सरस आहे. तिला १२८ सेकंदांपर्यंत काहीच दुरुस्ती लागत नाही. समईच्या उजेडातले देवघर टिपायचे असेल, तर मी प्रोव्हियाच घेईन.

दिवसा आणि वेळ निवडण्याची मुभा नसताना मात्र फ्लॅशला पर्याय नाही. या ठिकाणी एक साधे तत्त्व पक्के ध्यानात ठेवावे लागते. बाहेरच्या उजेडावर अ‍ॅपर्चर आणि शटर या दोहोंचा अंमल चालतो, फ्लॅशवर मात्र फक्त अ‍ॅपर्चरचा. वर सांगितलेल्या ढगाळ दिवसाचेच उदाहरण घेऊ. अंगण एफ/८ ला १/६० आहे. ते एक स्टॉप उजळ हवे, म्हणून एफ/८ ला १/३० ठेवले. आता ओटी आपोआप दोन स्टॉप खाली आणि माजघर पाच स्टॉप खाली गेले. माजघर एक स्टॉप खाली यावे एवढा उजेड फ्लॅशने द्यायचा आहे. ३६ मीटर गाइड नंबरचा (फ्लॅशच्या ताकदीचा हा आकडा अंतराने भागला की एफ-क्रमांक मिळतो) हातातला फ्लॅश, परावर्तित करून, एकंदर साडेचार मीटरचा प्रवास करत वस्तूवर पोचला, तर हिशेबाने एफ/८ मिळते. परावर्तनात सुमारे दोन स्टॉप खर्ची पडतात, म्हणून हाती एफ/४ राहते. कॅमेरा एफ/८ वर असेल तर माजघर दोन स्टॉप खाली दिसेल, म्हणजे उजेड कमी पडला. अशा वेळी फ्लॅश बदलण्याची घाई करू नये. अ‍ॅपर्चर एफ/५.६ आणि शटर १/६० करावा. अंगणाचे एक्स्पोजर तेच राहते, पण फ्लॅशचा परिणाम दुप्पट होतो आणि माजघर हवे तेथे येते. २८ मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/५.६ ला साडेचार-पाच मीटरवर फोकस ठेवला, तर अडीच मीटरपासून थेट वृंदावनापर्यंत सगळे स्पष्ट राहते, त्यामुळे या बदलात काही गमवावे लागत नाही.

ऊन असलेल्या दिवशी हाच हिशेब कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडपाशी, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या शटरच्या कमाल वेगापाशी, येऊन अडतो. उन्हातले अंगण एक स्टॉप उजळ ठेवायचे तर एफ/८ ला १/२५० लागते. निकॉनचा एफएम २ एन असेल तर त्याचा सिंक १/२५० असल्याने काम निभावते. पेन्टॅक्स के १००० सारख्या कॅमेऱ्याचा सिंक १/६० आहे. तेथे एफ/१६ पर्यंत अ‍ॅपर्चर बंद करावे लागते आणि फ्लॅशचे दोन स्टॉप वाया जातात. मोठ्या आकाराच्या फिल्मवर काम करणाऱ्यांची स्थिती चांगली आहे. हॅसलब्लाडच्या ५०० सी/एम सारख्या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आत असल्याने फ्लॅश १/५०० पर्यंत कोणत्याही वेगाला जुळतो, आणि ई १०० आता १२० च्या रोलमध्येही मिळते. जुन्या वास्तूंचे काम सातत्याने करणाऱ्यांनी हा मेळ गांभीर्याने विचारात घ्यावा.

फ्लॅश परावर्तित कुठून करायचा, हा कौलारू घरातला खास प्रश्न आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये पांढरे छत असते, तिकडे फ्लॅश वळवला की झाले. कोकणातल्या घरात वर वासे, रिपा आणि धुराने काळवंडलेली कौले असतात, त्यांच्याकडे फेकलेला उजेड परत येतच नाही, आणि आलाच तर तपकिरी होऊन येतो. भिंतीवर वळवावा, तर पुष्कळ घरांत भिंती फिकट निळ्या किंवा पोपटी रंगवलेल्या असतात आणि तोच रंग ई १०० माणसांच्या चेहऱ्यावर प्रामाणिकपणे उमटवते. सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे थर्माकोलची जाड शीट. ती हलकी असते, तालुक्याच्या गावी सहज मिळते, तिचा पांढरा रंग तटस्थ असतो आणि कॅमेऱ्याच्या मागे खिडकीच्या दिशेने तिरकी उभी केली की, उजेड खिडकीतूनच खोलवर आल्यासारखा भासतो. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. फ्लॅशच्या उजेडाने खिडकीकडे पाठ असलेल्या वस्तूंच्या सावल्या खिडकीच्याच दिशेने पडल्या, तर माप कितीही अचूक असले तरी चित्र खोटे वाटते. तांब्याच्या घागरीवर तर हे चटकन उघडे पडते. तिच्या पोटावर खिडकीची उभी उजळ रेघ असते आणि फ्लॅश चुकीच्या बाजूने आला की दुसरी रेघ शेजारी उमटते. फ्रेम घेण्याआधी खोलीतली सर्वांत चकचकीत वस्तू शोधून, फ्लॅशच्या जागी टॉर्च धरून, तिच्यावर काय उमटते ते पाहून घ्यावे.

रंगाच्या समतोलाकडे येऊ. ई १०० ही दिवसाच्या उजेडासाठी, म्हणजे सुमारे ५,५०० केल्विनसाठी तयार केलेली फिल्म आहे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा). एकेकाळी दिव्याच्या उजेडासाठी ३,२०० केल्विनच्या वेगळ्या स्लाइड फिल्म मिळत. एकटाक्रोम ६४ टी आणि १६० टी होत्या, फुजीची ६४ टी होती. त्यांवर दिवे तटस्थ येत आणि खिडकी निळी होई, म्हणून खिडकीच्या काचांवर नारिंगी जिलेटिन लावले जाई. चित्रपटाच्या छायाचित्रणात तर नारिंगी आणि करडा हे दोन्ही गुण एकत्र असलेली मोठी जिलेटिने खिडकीला बाहेरून ताणत, म्हणजे रंगही जुळे आणि बाहेरचा उजेड दोन-तीन स्टॉपने उतरेही. आता त्या फिल्म बंद झाल्या आहेत आणि घरातल्या दिव्यांशी ई १०० चे नाते आपल्यालाच जुळवावे लागते.

साधा पिवळा बल्ब सुमारे २,८०० केल्विनचा असतो. ई १०० वर तो गडद नारिंगी येतो. ८० ए हा निळा फिल्टर लेन्सवर लावून तो बराचसा दुरुस्त करता येतो, परंतु चौकटीत खिडकी असेल तर हा उपाय बाद होतो, कारण फिल्टर खिडकीलाही तितकाच निळा करतो आणि वर दोन स्टॉपही खातो. म्हणून खिडकी चौकटीत असताना फिल्टर लेन्सवर न लावता फ्लॅशवर लावावा. बल्ब पेटता ठेवायचा असेल, तर फ्लॅशला अर्ध्या ताकदीचे नारिंगी जिलेटिन, म्हणजे हाफ सीटीओ, लावल्याने त्याचा उजेड ३,८०० केल्विनच्या आसपास येतो. त्यामुळे खिडकी पांढरी, खोली किंचित उबदार आणि बल्बच्या भोवतालचे वलय सोनेरी, अशी रंगांची उतरंड तयार होते आणि कुठेही तुटक सीमारेषा दिसत नाही. पूर्ण ताकदीचे जिलेटिन लावले तर सगळी खोली नारिंगी होते. ते मला कधीच पटलेले नाही. हिशेबाने काम करायचे असेल तर मायरेडचा वापर करावा. दहा लाखांना केल्विनने भागले की मायरेड मिळतो. दिवसाच्या उजेडाचे १८२, ३,२०० केल्विनच्या दिव्याचे ३१३ आणि दोहोंतले अंतर १३१. निळा ८० ए आणि नारिंगी ८५ बी हे फिल्टर नेमके हेच अंतर उलटसुलट दिशेने कापतात.

या जुन्या गणितात गेल्या काही वर्षांत एक मोठा बदल झाला आहे. गावोगावी पिवळे बल्ब जाऊन एलईडी आले आहेत आणि आपल्याकडे घराघरांत लागणारा पांढरा एलईडी बहुधा ६,५०० केल्विनचा असतो. ई १०० वर तो खिडकीच्या उजेडाच्या जवळ जातो, त्यामुळे वरवर पाहता काम सोपे झाले आहे. प्रत्यक्षात स्वस्त एलईडीच्या उजेडात तांबड्याचा अंश तोकडा असतो. शेणाने सारवलेली जमीन, जांभा, तांबे, पितळ, कपाळावरचे कुंकू हे सगळे त्या उजेडात निर्जीव दिसते आणि यावर कोणताही फिल्टर चालत नाही, कारण जो रंग उजेडातच नाही तो फिल्टर आणणार कुठून? ट्यूबलाइटची हिरवी झाक निदान सीसी ३० मॅजेन्टाने किंवा एफएल-डी फिल्टरने आटोक्यात येते. म्हणून मी दिवसाच्या फ्रेममध्ये एलईडी बंद करण्याची विनंती करतो, आणि दिवा दिसायलाच हवा असेल तर सोबत नेलेला साठ वॉटचा जुना बल्ब लावू देण्याची. “काकू, अर्धा तास हा दिवा बदलला तर चालेल का?” असे विचारल्यावर मला आजवर नकार मिळालेला नाही. उलट “पूर्वी असाच उजेड असायचा,” असे म्हणून घरातली वडीलधारी माणसे मदतीला पुढे येतात.

माप घेण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. कॅमेऱ्यातला मीटर या चौकटींत उपयोगाचा नाही, तो खिडकी आणि अंधार यांची सरासरी काढतो आणि दोन्ही बिघडवतो. एक अंशाचा स्पॉट मीटर बाहेरच्या भागासाठी आणि पांढऱ्या घुमटाचा, फ्लॅश मोजणारा मीटर आतल्या भागासाठी, अशी जोडी लागते. सेकॉनिकच्या काही मीटरमध्ये हे दोन्ही एकत्र मिळते. पूर्वी अशा कामात पोलरॉइडची चाचणी घेण्याची पद्धत होती. फुजीची एफपी-१०० सी ही पाकिटातली झटपट फिल्म २०१६ साली बंद झाल्यावर तीही संपली. तिच्या जागी डिजिटल कॅमेरा वापरता येतो, सावल्यांची दिशा आणि परावर्तने तपासायला तो उत्तम आहे. उजेडाचे अंतर मात्र त्याच्या पडद्यावरून ठरवू नये. डिजिटल सेन्सर स्लाइडपेक्षा कितीतरी जास्त अंतर सामावून घेतो, त्यामुळे पडद्यावर ज्या अंगणात पाने दिसतात, त्याच अंगणाच्या जागी स्लाइडवर कोरी काच मिळू शकते.

फिल्मच्या तक्रारीच्या बाजूही आहेत. किंमत जड आहे. निगेटिव्हच्या रोलच्या तुलनेत ती फारच जास्त पडते आणि या कामात प्रत्येक चौकटीच्या अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने निदान तीन फ्रेम घ्याव्या लागत असल्याने छत्तीस फ्रेमच्या रोलमधून बारा चित्रेच हाती येतात. ई-६, म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याची प्रक्रिया, करणाऱ्या लॅब आपल्याकडे मोजक्या उरल्या आहेत, आणि जेथे रोल कमी येतात तेथे रसायने ताजी असतीलच याची खात्री देता येत नाही. ई-६ मध्ये पहिला डेव्हलपर (चित्र उमटवणारे पहिले रसायन) ३८ अंश सेल्सियसला सहा मिनिटे चालतो. त्यात तापमान किंवा वेळ थोडी जरी ढळली तरी घनता आणि रंग दोन्ही सरकतात. घराच्या आतल्या चित्रांत हे सरकणे आधी सावल्यांत दिसते, आणि ई १०० च्या सावल्यांची निळ्याकडे ओढ असल्याने दोष फिल्मचा की धुलाईचा, हे ओळखणे अवघड जाते. स्कॅनिंगच्या बाबतीतही अपेक्षा जपून ठेवाव्यात. लाइट बॉक्सवर भिंगातून पाहताना दारामागच्या कोनाड्यात जे पितळी तबक स्वच्छ दिसते, ते साध्या फ्लॅटबेड स्कॅनरला दिसत नाही. ज्यांची स्लाइड शेवटी स्कॅनच होणार आहे, त्यांनी आतला भाग एक स्टॉपऐवजी पाऊण स्टॉपच खाली ठेवावा. प्रोजेक्टरवर दाखवायची असेल, तर किंचित गडद स्लाइड अधिक खुलते.

पुश प्रोसेसिंगचा मोह या कामात टाळावा. पहिल्या डेव्हलपरची वेळ वाढवून फिल्म दोनशे आयएसओवर नेता येते, पण कॉन्ट्रास्टही त्याबरोबर चढतो आणि जे पाच स्टॉप कष्टाने जुळवलेले असतात, त्यांतलेच कमी होतात. उजेड कमी असेल तर ट्रायपॉड आणि लांब एक्स्पोजर हाच मार्ग योग्य.

ज्यांना ही फिल्म या कामासाठी घ्यायची आहे, त्यांनी सुटे रोल न घेता एकाच बॅच क्रमांकाचे रोल एकत्र घ्यावेत आणि ते फ्रिजमध्ये ठेवावेत. वापरण्यापूर्वी पाकीट न उघडता काही तास बाहेर काढून ठेवावे, कोकणातल्या दमट हवेत थंड रोल लगेच उघडला तर त्यावर पाणी धरते. त्यातला एक रोल चाचणीसाठी खर्च करावा. पांढरी भिंत, तांब्याचे भांडे, सागवानी फळी आणि खिडकी असलेला घरातलाच एखादा कोपरा निवडावा, खिडकी पाऊण, एक, दीड आणि दोन स्टॉप वर ठेवून, ८१ ए सह आणि त्याशिवाय फ्रेम घ्याव्यात, प्रत्येक फ्रेमची नोंद वहीत करावी आणि जी लॅब पुढे सगळे रोल धुणार आहे तिच्याकडेच तो धुवायला द्यावा. देताना पट्टी न कापण्याविषयी स्पष्ट लिहून द्यावे, कारण अंधाऱ्या खोलीच्या फ्रेममध्ये कडा कुठे संपते हे कापणाऱ्याला दिसत नाही आणि कात्री नेमकी दाराच्या चौकटीवरून जाते.